झाडे आषाढात लावा, कविता फाल्गुनात वाचा

फोंडा तालुक्यातील एका गावच्या वाचनालयाकडून आलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. मराठी आणि कोकणी या दोन्ही भाषांत लिहिणारे गावचे कवी, जे पेशाने प्राथमिक शिक्षक होते, गेल्या जुलैत वारले. पहिल्या पुण्यतिथीला त्यांच्या स्मरणार्थ १०० झाडे लावावीत आणि त्याच दिवशी, त्याच जागी कविसंमेलन भरवावे असा वाचनालयाचा विचार आहे. जागा कोणती घ्यावी, झाडे कोणती लावावीत, फलक मराठीत असावा की कोकणीत, आणि हे सारे पाचदहा वर्षे टिकावे यासाठी काय करावे, असे त्यांनी विचारले आहे. शेवटी त्यांनी कवींच्या पत्नीच्या एका इच्छेचाही उल्लेख केला आहे.

मी कृषी खात्यात नोकरी केली, त्यातला बराच काळ रोपवाटिकांवर गेला, आणि निवृत्तीनंतर सत्तरी व फोंडा या तालुक्यांत अशा स्मृतिवनांना हातभार लावत आलो आहे. त्यातली काही उभी आहेत, काही नाहीत. आपला बेत मला मनापासून आवडला, पण त्यातल्या दोन गोष्टी बदलाव्यात असे मी सुचवीन. झाडांची संख्या १०० वरून २५ वर आणावी, आणि कविसंमेलन जुलैतून काढून उन्हाळ्यात न्यावे. हे दोन बदल केले तर बाकीचे प्रश्न बरेचसे आपोआप सुटतात, म्हणून आधी त्यांच्याविषयीच लिहितो.

गोव्यात वर्षाला साधारण ३००० मिलिमीटर पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत पडून जातो. जुलैत लावलेल्या रोपाला ऑक्टोबरपर्यंत माणसाची फारशी गरज भासत नाही. वर आभाळ असते, खाली ओल असते, आणि कार्यक्रमाला आलेले पन्नास लोक छत्र्या धरून भाषणे ऐकत असतात. रोपाची खरी परीक्षा डिसेंबरात सुरू होते, जेव्हा जांभ्या दगडाची ही जमीन चाळणीसारखे पाणी सोडून देते आणि वरचा हातभर थर चुलीवरच्या तव्यासारखा तापू लागतो. त्या वेळी तिथे कोणी नसते. पुण्यतिथीच्या कार्यक्रमाची छायाचित्रे छापून आलेली असतात, अध्यक्षांना नारळ आणि शाल पोचलेली असते, आणि कवीच्या नावाची झाडे मार्चपर्यंत काटक्या झालेली असतात. मी स्वतः ज्यात पुढाकार घेतला होता, त्या एका वनाची गत अशीच झाली. आम्ही ६० रोपे लावली होती. दुसऱ्या जूनला मोजली तेव्हा ७ जिवंत होती, आणि त्यातली दोन आम्ही लावलेलीच नव्हती, आपोआप रुजलेली किंदळे होती. मेलेली काही रोपे उपटून पाहिली तर त्यांच्या मुळांवर प्लॅस्टिकची काळी पिशवी जशीच्या तशी होती. पाहुण्यांनी घाईघाईत पिशवीसकट खड्ड्यात ठेवली, वर माती लोटली, टाळ्या झाल्या. दोष पाहुण्यांचा नव्हता. पिशवी कापायला हातात सुरी घेऊन प्रत्येक खड्ड्याजवळ एक माणूस उभा करणे हे माझे काम होते आणि मी त्या वेळी मंडपात माइकची वायर धरून बसलो होतो.

तेव्हापासून मी एक साधा हिशेब आधी कागदावर मांडतो. पहिल्या उन्हाळ्यात एका रोपाला आठवड्यातून दोनदा, दर वेळी १५ लिटर पाणी धरा. २५ रोपांना आठवड्याला ७५० लिटर होतात, आणि डिसेंबर ते मे अखेर या २६ आठवड्यांत सुमारे १९,५०० लिटर. १०० रोपांना हाच आकडा ७८,००० लिटरवर जातो. पहिला आकडा गावातली एक विहीर, एक पंप आणि दहाबारा घरांची पाळी यांत बसतो. दुसऱ्यासाठी टँकर लागतो, टँकरसाठी वर्गणी लागते, आणि वर्गणी दुसऱ्या महिन्यात आटते. जागेचा हिशेबही असाच आहे. मध्यम वाढीच्या झाडांत ६ मीटर अंतर ठेवले तर २५ झाडांना ९०० चौरस मीटर जागा पुरते. शाळेच्या मागे किंवा देवळाच्या तळीच्या वरच्या अंगाला एवढी जागा बहुतेक गावांत निघते.

आता कवितेकडे येतो, कारण माझ्या मते कविता हीच या वनाची पाणीपुरवठा योजना आहे. लोक झाडाला पाणी घालायला दर आठवड्याला येत नाहीत, पण बैठक असली की येतात. म्हणून पुण्यतिथीला केवळ लावणी करावी आणि एकच कविता वाचावी. बैठका मात्र झाडांना माणसांची गरज असलेल्या महिन्यांत ठेवाव्यात. शेजारच्याच बोरी गावाशी ज्यांचे नाव कायमचे जोडले गेले आहे त्या बाकीबाब बोरकरांचे उदाहरण पाहा: जन्म ३० नोव्हेंबर १९१०, निधन ८ जुलै १९८४. पुण्यतिथी ऐन लावणीच्या दिवसांत येते आणि जयंती नेमकी कोरडा काळ सुरू होताना येते. आपल्या कवींची जन्मतारीख पत्रात दिलेली नाही, पण ती नोव्हेंबर ते मे यांच्यामध्ये कुठेही असली तर तो दिवस मुख्य कविसंमेलनाचा धरावा. ती नसली तर २७ फेब्रुवारीचा मराठी भाषा गौरव दिन आहे आणि २१ मार्चचा जागतिक कविता दिन आहे. दोन्ही दिवस झाडांच्या दृष्टीने अगदी योग्य वेळी येतात. एरवी सभागृहात पंख्याखाली साजऱ्या होणाऱ्या या दिवसांना प्रत्येक श्रोत्याने घरून एक कळशी पाणी आणावे, ते ठरलेल्या झाडाला घालावे आणि मग बसावे, एवढाच एक नियम करावा. आम्ही एका गावात हे करून पाहिले. पहिल्या वर्षी लोक हसले. दुसऱ्या वर्षी वाड्यावरच्या बायका कळशी रिकामी करताना आपापल्या झाडाची पाने मोजू लागल्या.

झाडाखाली बसून गाणे म्हणणे आपल्याकडे नवीन मुळीच नाही. पौषात मांडावर, म्हणजे ठरलेल्या अंगणात, ढालो हे लोकनृत्य खेळणाऱ्या बायकांना कोणी पर्यावरणाचे धडे दिलेले नसतात, तरी त्यांच्या गाण्यांत वनदेवता असते, वेली असतात, माती असते. देवराया टिकल्या त्याही अशाच. सत्तरीत बांबर गावी निरंकाराची राय आहे. रानटी जायफळाच्या कुळातल्या झाडांची दुर्मीळ पाणथळ जागा तिथे देवाच्या धाकाने आणि मायेने शाबूत राहिली. मी आपल्याला असे सुचवीन की आपल्या जागेला ‘स्मृतिवन’ किंवा ‘उद्यान’ म्हणण्याऐवजी कवींच्या नावाने ‘राय’च म्हणावे. गोव्यातल्या माणसाला तो शब्द कळतो आणि त्यात कोयती लावायची नसते हेही कळते.

जागा निवडताना तीन ठिकाणे टाळावीत. पहिले म्हणजे सडा, अर्थात उघडे पठार. वरून पाहिले तर जांभ्याचा सडा ओसाड वाटतो आणि प्रत्येक उत्साही मंडळाची नजर त्याच्यावरच जाते. पण पावसाच्या चार महिन्यांत त्याच सड्यावर इवल्याशा रानफुलांचे आणि कीटकभक्षी वनस्पतींचे गालिचे उमलतात, गुरे चरतात, पाणी मुरते. तिथे सुरुंग लावून खड्डे पाडणे म्हणजे एक जिवंत जागा मोडून दुसरी मारण्याची तयारी करणे होय. दुसरे ठिकाण खाजन. ती खारी जमीन बांध, मानस (पाणी आतबाहेर सोडण्याचे दार) आणि भरतीओहोटीच्या हिशेबावर चालते; तिथे बकुळ जगत नाही, आणि कांदळवनाला हात लावणे कायद्यानेही चालत नाही. तिसरे ठिकाण रस्त्याची कड, कारण वीजवाहिन्या, रुंदीकरण आणि गटार यांपैकी काहीतरी एक पाचव्या वर्षी येतेच. गोवा, दमण आणि दीव वृक्ष संरक्षण कायदा १९८४ प्रमाणे वाढलेले झाड तोडायला वृक्ष अधिकाऱ्याची परवानगी लागते, पण रुंदीकरणासाठी ती परवानगी किती सहज मिळते हे आपण सर्वांनी पाहिले आहे. मुळात तोडावे लागणार नाही अशाच जागी झाड लावावे.

शाळेचे आवार, देवस्थानची जमीन, पंचायतीची मोकळी जागा किंवा कोमुनिदादीची (जुन्या गावकरी संस्थेची) जमीन यांतले जे मिळेल ते चालेल, मात्र जमिनीचा एक-चौदाचा उतारा काढून मालक कोण हे पाहावे आणि लेखी संमती घ्यावी. देवस्थान असेल तर महाजनांच्या सभेत ठराव व्हावा, कोमुनिदाद असेल तर तिच्या सभेत. तोंडी ‘हो’ एका समितीचे असते आणि पुढची समिती ते विसरते. खाजगी भाटाचा (बागायतीचा) मालक जागा द्यायला तयार असेल पण ‘उद्या माझी जमीन खाजगी जंगल ठरेल’ या भीतीने मागे सरत असेल, तर त्याला समजावून सांगावे की गोव्यात खाजगी वन ठरवण्याच्या निकषांत सरकारी जंगलापासून सुट्या असलेल्या जागेसाठी किमान ५ हेक्टर क्षेत्र, ७५ टक्के वनवृक्ष आणि ०.४ इतकी छत्रघनता (झाडांच्या माथ्यांनी झाकलेल्या जमिनीचे प्रमाण) अशा अटी आहेत. ९०० चौरस मीटरची राय त्यापासून फार लांब आहे. जमीन सरकारी जंगलाला लागून असेल तर मात्र आधी वन खात्यात विचारावे.

झाडे कोणती, याचे उत्तर रोपवाटिकेच्या यादीत शोधू नये, कवींच्या संग्रहांत शोधावे. मला या कामातला सर्वांत आनंदाचा भाग हाच वाटतो. वाचनालयातली पाचसहा मुले घ्यावीत, कवींचे सगळे संग्रह, मासिकांतल्या कविता, वह्या समोर ठेवाव्यात आणि त्यांत आलेल्या प्रत्येक झाडाची, वेलीची, फुलाची नोंद करायला सांगावे. कोणते झाड किती वेळा आले, कोणत्या ऋतूत आले, फुलासाठी आले की सावलीसाठी, हेही लिहावे. या निमित्ताने संग्रह सुरुवातीपासून शेवटपर्यंत वाचला जातो, जे कोणत्याही शोकसभेत होत नाही.

यादी तयार झाली की नावांचा घोळ समोर येईल, आणि इथे जाणत्या माणसाला हाताशी धरावे. कोकणी कवितेतली ओंवळ आणि मराठी कवितेतली बकुळ एकच. रुमड म्हणजे उंबर, भिरंड म्हणजे कोकम, माट्टी म्हणजे ऐन, माड म्हणजे नारळ. कवीने अशोक म्हटले असेल तर त्याच्या मनात बहुधा नारिंगी-तांबड्या फुलांचा सीताअशोक असतो. रोपवाटिकेत ‘अशोक’ मागितला तर हातात पडतो तो बंगल्याच्या कुंपणाला लावतात तो उंच सरळसोट आसूपालव, ज्याच्याखाली बसून कविता वाचायला सावलीसुद्धा मिळत नाही. चाफ्याचेही असेच. सोनचाफा आपल्या सह्याद्रीच्या जंगलातला, तर देवळापुढे दिसणारा पांढरा देवचाफा मूळ अमेरिका खंडातून आलेला. तो लावू नये असे मी म्हणणार नाही, कारण कवितेत तो आला असेल तर तो आता आपलाच आहे; काजूही पोर्तुगीजांनीच आणला आणि आज त्याच्याशिवाय गोव्याचे वर्णन पुरे होत नाही. फक्त काय लावतो आहोत हे माहीत असावे. ऑस्ट्रेलियन अकेशिया मात्र कोणी फुकट दिला तरी घेऊ नये. खाणींच्या ढिगाऱ्यांवर लावायला तो ठीक होता, रायीत त्याचे काम नाही.

मग फुलण्याचे वेळापत्रक जुळवावे, म्हणजे प्रत्येक बैठकीला काहीतरी बहरलेले असेल. सुरंगी साधारण फेब्रुवारी ते एप्रिल या काळात फुलते, आणि कळे थेट जुन्या फांद्यांवर येत असल्याने झाड जणू मोत्यांनी मढवलेले दिसते. २७ फेब्रुवारीच्या बैठकीला याहून चांगला साज कोणता? तिला फुलायला बरीच वर्षे लागतात, म्हणून ती लावणाऱ्याला तेवढा धीर हवा. बकुळ उन्हाळ्यात टपटपते आणि सुकली तरी वास सोडत नाही. बहावा एप्रिल-मेमध्ये पिवळा होतो. प्राजक्त पावसाच्या उत्तरार्धात, सातवीण ऑक्टोबरनंतर. मात्र सातविणीचा रात्रीचा वास काहींना सहन होत नाही, तेव्हा ती बसण्याच्या जागेपासून वाऱ्याच्या दुसऱ्या अंगाला लावावी. भिरंडीचे मी नेहमी सांगतो की तिच्यात नर आणि मादी झाडे वेगळी असतात, आणि बियांपासून वाढवलेल्या रोपांत निम्मी नर निघू शकतात, ज्यांना फळ धरत नाही. एकच भिरंड लावायची असेल तर मादी झाडाचे कलम घ्यावे. कोकण कृषी विद्यापीठाची ‘कोकण अमृता’ ही जात त्यासाठी चांगली आहे, आणि जुने गोवे येथील केंद्रीय किनारी कृषी संशोधन संस्थेतही याविषयी सल्ला मिळतो.

लावणीच्या तांत्रिक बाबी थोडक्यात सांगतो. खड्डे मे महिन्यातच काढावेत, दोन फूट लांब, रुंद आणि खोल. जांभ्यात पहार लागते, पावसात ती चालत नाही. खड्डा उन्हात तापू द्यावा, मग वरची सुपीक माती, कुजलेले शेणखत आणि वाळवीसाठी करंजाची किंवा कडुनिंबाची पेंड मिसळून भरावा. रोप हातभर उंच कोवळे नको, कमरेएवढे आणि बुंधा पेन्सिलीपेक्षा जाड असलेले घ्यावे. पहिल्या सरी पडून माती बसली की जूनच्या उत्तरार्धात लावणी करता येते. आपली पुण्यतिथी जुलैत असल्याने चांगलेच आहे. ख्रिस्ती शेजाऱ्यांनाही सोबत घ्यायचे असेल, आणि घ्यावेच, तर तयारीचे दिवस २४ जूनच्या सांजांवावर, म्हणजे त्यांच्या सेंट जॉनच्या सणावर, ठेवू नयेत. पिशवी कापण्याविषयी वर लिहिलेच आहे. भटक्या गुरांसाठी प्रत्येक रोपाभोवती बांबू आणि काटेरी फांद्यांचे कुंपण करावे. दसऱ्यानंतर वाढलेले गवत कापून तेच बुंध्याशी आच्छादन म्हणून पसरावे, पण रायीच्या बाहेरच्या कडेने दोन मीटरचा पट्टा खरवडून साफ ठेवावा, कारण एप्रिलमध्ये कोणीतरी फेकलेल्या विडीने सुके गवत पेटते आणि एका दुपारीत तीन वर्षे जळून जातात. डिचोलीच्या कुंभारांकडून मातीची मडकी आणून प्रत्येक रोपाशेजारी गळ्यापर्यंत पुरली आणि आठवड्यातून दोनदा भरली, तर पाणी झिरपत मुळाशी जाते आणि वरच्या हिशेबातले बरेच लिटर वाचतात.

घरच्यांपैकी कोणाला कवींची मूठभर रक्षा एखाद्या खड्ड्यात घालायची असेल तर अडवू नये. ती मातीत नीट मिसळावी आणि मुळांना थेट लागू देऊ नये, एवढी काळजी पुरे. हा विधी कार्यक्रमाच्या आदल्या संध्याकाळी, पाहुण्यांविना व्हावा.

झाडांचे पालक नेमताना बहुतेक शाळा दहावीचा वर्ग पुढे करतात, कारण ती मुले मोठी असतात. ती मुले पुढच्या मार्चनंतर गावात दिसत नाहीत. पाचवीचा वर्ग घ्यावा. ती मुले दहावीपर्यंत पाच वर्षे तिथेच असतात, आणि तेवढ्यात झाड आपल्या पायावर उभे राहते. प्रत्येक मुलाने आपल्या झाडाची एक कविता तोंडपाठ करावी, म्हणजे ज्या कवितेत ते झाड येते ती. बैठकीत कवितेचे पुस्तक उघडायचे नाही, झाडाजवळ जायचे आणि त्याच्या पालकाने म्हणायची. त्यात चूक झाली तर वडीलधाऱ्यांनी दुरुस्त करावी. आपले कवी शिक्षकच होते, त्यांनी तेच केले असते.

बैठक कशी असावी याविषयी माझी मते थोडी कडक आहेत. दीड तासाच्या वर ती जाऊ नये. प्रास्ताविक तीन मिनिटे, अध्यक्षीय भाषण मुळीच नको. निमंत्रित कवींनी आपली एक कविता म्हणण्याआधी ज्यांच्या नावाने जमलो त्यांची एक म्हणावी. ही अट आधी कळवली की केवळ स्वतःचे वाचायला येणारे आपसूक गळतात. माइक शक्यतो नको, कारण २५ झाडांच्या घेरात आवाज पोचतो. पाहुण्यांना भेट म्हणून रोप देण्याची प्रथाही सोडावी. ते रोप गाडीच्या डिकीत पणजीपर्यंत जाते आणि तिथेच मरते. त्याऐवजी मुलांनी हस्ताक्षरात उतरवलेली एक कविता द्यावी.

यावरून प्रताधिकाराचा मुद्दा येतो. १९५७ च्या कायद्याप्रमाणे कवीच्या निधनानंतरच्या पुढील कॅलेंडर वर्षापासून ६० वर्षे हक्क वारसांकडे राहतात; १९८४ साली निधन पावलेल्या कवीचे हक्क त्यामुळे २०४४ च्या अखेरपर्यंत चालतात. प्रकाशित कवितेचा वाजवी भाग जाहीरपणे वाचायला कायदा हरकत घेत नाही, पण फलकावर कोरणे, पुस्तिका छापणे आणि ध्वनिफीत पसरवणे यांसाठी कुटुंबाची लेखी संमती घ्यावी, आणि संग्रहाचे हक्क प्रकाशकाकडे असतील तर त्यांनाही विचारावे. कुटुंब नाही म्हणणार नाही हे खरे. तरीही विचारण्यात मान आहे.

फलकाची भाषा हा प्रश्न आपण फार अवघडल्यासारखा विचारला आहे, आणि गोव्यात राहणाऱ्याला त्यामागचे कारण सांगावे लागत नाही. १९८७ च्या राजभाषा कायद्याने देवनागरीतली कोकणी राजभाषा झाली आणि शासकीय कामकाजात मराठीच्या वापराची तरतूदही त्यात राहिली. त्याआधी झालेल्या राजभाषा आंदोलनाच्या जखमा काही घरांत अजून ओल्या आहेत. माझे मत सरळ आहे: कविता ज्या भाषेत लिहिली गेली त्याच भाषेत कोरावी, भाषांतर करू नये, आणि दोन्ही भाषांतल्या कवितांची संख्या कवीच्या संग्रहांतल्या प्रमाणात राहू द्यावी, समान करण्याचा अट्टहास धरू नये. ज्या माणसाने आयुष्यभर दोन्ही भाषांत लिहिले त्याच्या नावाखाली दोन गट पडले, तर ती झाडे पाण्याअभावी नव्हे, भांडणाने मरतील. मी तेही पाहिले आहे, आणि त्या जागेचे नाव सांगणार नाही.

फलक कशाचा असावा? झाडाला खिळा ठोकून तर मुळीच नाही. फ्लेक्स एका पावसात फाटतो. जांभ्यावर अक्षरे टिकत नाहीत, त्याला भोके असतात. पोर्तुगीज काळापासून गोव्यात घरांच्या नावांसाठी वापरल्या जाणाऱ्या रंगीत अझुलेजो फरशा यासाठी उत्तम आहेत. चार फरशांवर निळ्या रंगात कविता रंगवून भाजून घ्यावी आणि चिऱ्याच्या कमरेएवढ्या चौथऱ्यावर बसवावी. त्या पावसात धुऊन निघतात आणि उन्हात फिकट पडत नाहीत. सुरुवातीला असा एकच चौथरा करावा. बाकीच्या झाडांपुढे तीन वर्षे काहीही लावू नये. तिसऱ्या वर्षी जे झाड जगले असेल त्यालाच त्याची कविता मिळावी.

मरणाऱ्या रोपांविषयीही आधीच ठरवून ठेवावे. २५ पैकी पाचसहा पहिल्या वर्षी जातील, कितीही काळजी घेतली तरी. दर जूनमध्ये मोजणी करावी, आकडा वाचनालयाच्या फळ्यावर लिहावा, लपवू नये, आणि गेलेल्यांच्या जागी त्याच जातीची नवी रोपे लावावीत. देशात १९५० साली वनमहोत्सव सुरू करणारे केंद्रीय मंत्री कन्हैयालाल मुनशी हे स्वतः गुजरातीतले मोठे लेखक होते. साहित्य आणि झाडे यांची सांगड घालणारा तो उत्सव दर जुलैच्या पहिल्या आठवड्यात आजही होतो, पण त्यात लावलेली किती झाडे जगली हा आकडा कुठल्या फळ्यावर मी पाहिलेला नाही.

आत्ता मार्च चालू आहे. या महिन्यात संग्रहांतून झाडांची यादी करावी, एप्रिलअखेर वन खाते किंवा कृषी खात्याच्या रोपवाटिकेत मागणी नोंदवावी, कारण सुरंगी आणि सीताअशोकाची चांगली रोपे जुलैत मिळणे नशिबावर असते. मेच्या मध्यापर्यंत संमतीपत्र आणि खड्डे व्हावेत.

राहिली कवींच्या पत्नीची इच्छा. आपण लिहिले आहे की त्यांना घराच्या सोप्यासमोर, जिथे कवी संध्याकाळी खुर्ची टाकून बसत, तिथे एक बकुळ हवी आहे, आणि कार्यक्रमाचे उद्घाटन तिथूनच करावे असे काही सभासदांचे म्हणणे आहे. बकुळ जरूर लावावी. उद्घाटन तिथे करू नये. ते झाड २५ मध्ये मोजू नये, त्याला फलक लावू नये, त्याच्यासाठी पाचवीतले मूलही नेमू नये. रोप चांगले निवडून खड्डा नीट भरून द्यावा, म्हणजे झाले. पाणी त्या स्वतः घालतील.